फार्मासिस्ट उलट आपल्यालाच प्रश्न का विचारतो?

प्रश्न : सासूबाईंना थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालूय, आता हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम पण दिलं. दोन्ही सकाळी एकत्र चालतील का असं मेडिकलमध्ये विचारलं तर फार्मासिस्टने मलाच ढीगभर प्रश्न विचारले आणि म्हणाला बघून संध्याकाळी फोन करतो. एवढं साधं त्याला माहीत नको?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, एकत्र देऊ नका एवढं त्याला नक्कीच माहीत असणार. कॅल्शियम पोटात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतं, मग ते रक्तात नीट उतरत नाही, म्हणून दोन्हीत किमान ४ तास अंतर लागतं. पण सासूबाई आणखी काय घेतात हे कळल्याशिवाय ते उत्तर अर्धंच. रक्तवाढीच्या गोळीत लोह असतं, त्यालाही तेच ४ तास. ॲसिडिटीची गोळी रोज असेल तर थायरॉइडची गोळी कमी लागू पडू शकते, आणि कॅल्शियम जर कार्बोनेट प्रकारचं असेल तर तेही नीट शोषलं जात नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं असतं, कॅल्शियमच्या सायट्रेट या दुसऱ्या प्रकाराला ती अट नाही, त्यामुळे नुसतं ब्रँडचं नाव सांगून भागत नाही, स्ट्रिपवरचे बारीक अक्षरातले घटक वाचावे लागतात.

हे सगळं कळलं की मग त्याला शोधावं लागतं: कंपनीचं माहितीपत्रक, गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाची नॅशनल फॉर्म्युलरी (औषधांच्या माहितीचं अधिकृत पुस्तक), औषधांच्या आपसातल्या परिणामांचे जाडजूड संदर्भग्रंथ, आणि तिथेही नाही मिळालं तर मूळ अभ्यास. गुगलचं पहिलं उत्तर वाचून दाखवणं म्हणजे शोधणं नाही हो! सापडलेलं या वयाच्या, या किडनीच्या माणसाला लागू पडतं का हेही बघायचं असतं, आणि डोस बदलायची वेळ आली तर डॉक्टरांनाच फोन करायचा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच धरलंय, पण गर्दीच्या काउंटरवर ते किती होतं तुम्ही बघताच, म्हणून असा माणूस भेटलाय तर ते दुकान सोडू नका.

थायरॉइडची गोळी उठल्यावर उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर द्या, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. आधी काही दिवस एकत्र दिल्या गेल्या असतील तर घाबरू नका, पण डॉक्टरांना तसं सांगा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची का तेही विचारून घ्या.