त्या सरांचा पेपर घेऊ का?

"प्रिय मावशी,

मी एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव यावल तालुक्यात, घरची केळी. बारावीपर्यंत मराठी माध्यम. बी.एस्सी.ला गणितात कॉलेजात पहिली आले होते. इथे विभागात रिअल अ‍ॅनालिसिस शिकवणारे एक सर आहेत. ते शिकवत नाहीत, नुसते विचारतात. पाठ करून गेलेलं प्रूफ फळ्यावर लिहिलं की ओळीओळीला 'का?' म्हणतात. पहिल्या इंटर्नलला मला २० पैकी ७ मिळाले. पेपरचा फोटो सोबत पाठवते. पाच मार्कांच्या एका प्रश्नाला शून्य आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. घाबरून माझ्या तोंडून 'सर, मले नाही समजलं' असं निघालं. तर माझ्याच सुरात 'मले? मले?' केलं आणि म्हणाले, 'यापेक्षा केळीचे घड मोजणं सोपं होतं, नाही का?' सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडलेलं नाही.

आता पुढच्या वर्षाच्या इलेक्टिव्हचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. सरांकडे फंक्शनल अ‍ॅनालिसिस आहे. दुसरा पर्याय एका मॅडमचा, तिथे तयार नोट्स मिळतात आणि सत्तरच्या खाली कोणी जात नाही म्हणे. एक सीनियर ताई सांगते, सरांमुळेच तिची सेट (कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा) निघाली. एका दादाने सरांमुळे एम.एस्सी. सोडली. हॉस्टेलमधल्या मुली म्हणतात, त्या वाटेलाच जाऊ नको. रविवारी सकाळी सर विभागात बसतात, कोणीही शंका घेऊन जावं, पण मी शनिवारच्या एसटीने घरी जाते. मला पुढे कॉलेजात शिकवायचं आहे. घरी त्या ७ मार्कांचं सांगितलेलं नाही. काय करू?

काठावरची"

काठावरच्या मुली,

मी आधी तुझा पेपर वाचला आणि मग पत्र पुन्हा वाचलं. अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे उत्तरपत्रिका हातात आली की बाकी सगळं बाजूला पडतं.

प्रश्न असा होता: एक्सचा वर्ग हे फंक्शन सगळ्या वास्तव संख्यांवर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का? कारण द्या. म्हणजे, वर्गांतला फरक एप्सिलॉनच्या आत ठेवायचा तर संख्यांतलं अंतर ज्याच्या आत ठेवावं लागतं तो डेल्टा सगळीकडे एकच चालतो का? तू लिहिलंस, "आहे", आणि खाली पाच ओळींचं प्रूफ दिलंस. त्या पाचही ओळी बरोबर आहेत. ए ही एक ठरावीक संख्या धरून एक्स वर्ग वजा ए वर्गाचे अवयव पाडलेस, एक्स हा ए पासून एकाच्या आत ठेवलास, आणि शेवटी डेल्टा म्हणून १ आणि 'एप्सिलॉन भागिले दोन ए अधिक एक' यांतली लहान संख्या घेतलीस. ए ऋण असेल म्हणून निरपेक्ष मूल्याच्या उभ्या रेघाही दिल्यास. इतकी नेटकी मांडणी मला बरेच दिवसांत दिसली नव्हती.

पण प्रूफ दुसऱ्याच गोष्टीचं झालं. तुझ्या डेल्टात ए बसलेला आहे. एप्सिलॉन १ धर. ए जर १० असेल तर डेल्टा येतो एकाचा एकविसावा भाग. ए १००० असेल तर एकाचा दोन हजार एकावा भाग. जसजशी पुढे जाशील तसतसा डेल्टा आक्रसत जातो, आणि प्रश्नात तर सगळीकडे पुरेल असा एकच डेल्टा मागितला होता. तसा तो नाहीच. १००० आणि १०००.००१ घे. दोघांत अंतर एक हजारांश. वर्ग कर: दहा लाख आणि दहा लाख दोन, वर थोडं. फरक दोनाच्या वर गेला. संख्या कितीही मोठी घे आणि तिच्या शेजारी 'ती अधिक तिचा व्यस्तांक' घे, अंतर हवं तितकं कमी होईल, वर्गांतला फरक दोनाच्या खाली येणार नाही. म्हणजे उत्तर "नाही" असं होतं.

आता तुझ्या सरांनी काय केलंय ते बघ. शून्य दिलं, ते तू बघितलंस. पण त्यांचा लाल गोल अख्ख्या उत्तराला नाही, पाचव्या ओळीतल्या फक्त त्या एका ए ला आहे. आणि बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलंय: हा इथे काय करतोय? पोरी, गठ्ठे उरकणारा मास्तर असं तपासत नाही. तो वर "आहे" वाचतो, फुली मारतो आणि पुढचा पेपर घेतो. या माणसाने तुझी ओळ न् ओळ वाचली, नेमकी कुठे घसरलीस ते एका अक्षरावर बोट ठेवून दाखवलं, आणि उत्तर सांगून न टाकता तुलाच विचारलं. शून्य मला स्वतःला पटलेलं नाही. साधी कंटिन्युइटी तू सिद्ध केली होतीस, मी दोन मार्क टाकले असते. पण तो दोन परीक्षकांमधला मतभेद झाला. त्याला अन्याय म्हणता येणार नाही.

वर्गात जे झालं ते मात्र वेगळं. तुझ्या पत्रात या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्यात, म्हणून सरांचा 'का?' आणि सरांचं 'मले? मले?' तुला एकच वाटू लागलंय. 'का?' हे गणित आहे. बोलण्याची नक्कल आणि केळीच्या घडांचा टोमणा यात गणित कुठेच नाही, तो निव्वळ उद्धटपणा आहे. "सरांचा स्वभावच तसा", "मनाने चांगले आहेत हो" असं सांगणारे तुला भेटतील. मनाने चांगला माणूस वर्गासमोर मुलीच्या बोलीची टिंगल करत नसेल तर बरं, एवढंच मी म्हणेन. यावल-रावेरकडे घराघरांत 'मले' म्हणतात, त्याच बोलीत बहिणाबाईंनी ओव्या रचल्या. मराठीच्या प्राध्यापकांना ती बोली शिकवायला चालते, तर गणिताच्या वर्गात एक शब्द ऐकून कोणाचे कान विटायचं कारण नाही.

कठीण प्रश्न विचारायला अपमान लागतो असं मानणाऱ्यांना मी चाळीसगावजवळचं पाटण दाखवते. पाटणादेवीला तू गेली असशील. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि त्याला दान मिळालं, अशी त्यात नोंद आहे. त्या भास्कराचार्यांची १११४ सालची जन्मभूमी कुठली यावर पंडित भांडतात, ते भांडू देत. पण 'लीलावती'तली उदाहरणं काही सोपी नाहीत, आणि ती घालताना ते समोरच्या मुलीला 'बाले', 'मतिमति' म्हणतात. मतिमति म्हणजे बुद्धिमती. आधी हुशार म्हणायचं आणि मग डोकं फिरेल असं उदाहरण घालायचं, ही रीत आपल्याकडे साडेआठशे वर्षांपूर्वी माहीत होती.

आता सीनियर्सचं. तू त्यांना विचारलंस, "सर कसे आहेत?" याला प्रत्येक जण स्वतःचा निकाल सांगतो. सेट निघालेली ताई सरांना श्रेय देते, सोडून गेलेला दादा दोष देतो, आणि हॉस्टेलमधल्या ज्या मुली "वाटेला जाऊ नको" म्हणतात त्यातल्या किती जणी सरांच्या वर्गात बसल्यात ते आधी विचार. दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. उलट, जे टिकले तेच विभागात भेटतात आणि जे गेले ते भेटत नाहीत, म्हणून त्याच्या एका साक्षीचं वजन मला जास्त वाटतं. त्याला फोन कर. पण असं विचार: मार्क कमी पडल्यावर तू सरांना भेटायला गेलास का? गेलास तर त्यांनी बसवून समजावलं का घालवून दिलं? टोमणे एकट्या तुलाच होते का सगळ्यांना? मार्कांत कधी डूख धरल्यासारखं वाटलं का? हेच चार प्रश्न ताईलाही विचार. दोघांची उत्तरं जुळली तर सर कसे आहेत ते तुला कळेल. नाही जुळली तर सर माणूस बघून वागतात, हे कळेल. तेही कळलेलं बरं.

माझं विचारशील तर सरांचा पेपर घे. तुला शाळेत शिकवायचं असतं, बी.एड. करायचं असतं, तर मी सरळ मॅडमच्या नोट्सकडे पाठवलं असतं, त्यात कमीपणा काही नाही. पण तुला कॉलेजात शिकवायचं आहे, म्हणजे नेट नाहीतर सेट आली. नेटच्या गणिताच्या पेपरातला तिसरा भाग बघितलास का? एका प्रश्नाचे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय टिपले तरच मार्क, अर्धामुर्धा मार्क मिळत नाही. तिथे 'कंटिन्युअस' आणि 'युनिफॉर्मली कंटिन्युअस' हे दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवून तुझ्यासारख्यांना पकडतात. हा ए इथे काय करतोय, हे स्वतःला विचारायची सवय नोट्स पाठ करून लागत नाही. एक हिशोब मात्र आधी कर. असिस्टंट प्रोफेसर व्हायला नेट-सेटच्या जोडीला एम.एस्सी.ला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गाला ५ टक्क्यांची सूट आहे). पहिल्या सेमिस्टरचे मार्क मांड. सरांच्या पेपरात काठावर पास झालीस तरी ५५ च्या वर राहतेस का बघ. राहत नसशील तर शुक्रवारी मॅडमचं नाव लिही आणि सरांच्या वर्गात मागच्या बाकावर नुसती ऐकायला बस. विचारून बसलीस तर नाही म्हणणारा मास्तर विरळा.

आणि फॉर्म भरायच्या आधी सरांना भेट. एकटीने नको वाटलं तर मैत्रीण ने. विभागात, दार उघडं असताना, दुपारच्या चहाच्या वेळेला. पेपर हातात ठेव आणि आधी तो हजार आणि हजार पूर्णांक एक हजारांशाचा दाखला त्यांना करून दाखव. मराठीतून बोल, खुशाल. मग म्हण: "सर, माझी चूक दाखवा, फळ्यावर बोलवा, पुन्हा शून्य द्या. पण माझ्या बोलण्याची नक्कल वर्गात करू नका, मला त्याने बोलताच येत नाही." एवढंच. "सगळेच तुमच्याबद्दल असं म्हणतात" हे त्यात घालू नको, ते इतरांचं भांडण आहे. रडू आलं तरी वाक्य पूर्ण कर. माझा अंदाज, एका अक्षराभोवती गोल काढणारा माणूस हे ऐकून घेईल. पुष्कळ मास्तरांना आपण विनोद करतोय असंच वाटत असतं, मुलं हसतात ना.

अंदाज चुकला आणि टिंगल चालूच राहिली, तर तारीख, शब्द, कोण हजर होतं, हे वहीत लिहून ठेव आणि विभागप्रमुखांना लेखी दे. त्यांच्याकडून हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार दोन्ही असायलाच हवेत. इंटर्नल सरांच्या हातात आहे ही भीती खोटी नाही, म्हणून तपासलेल्या प्रत्येक पेपरचा फोटो काढून ठेवायचा, जसा हा काढलास.

रविवारचं मला तुझ्या पत्रात सगळ्यात खटकलं. फुकट, कोणाच्याही शंकांसाठी सकाळी बसणारा प्राध्यापक आणि तू एसटीत! महिन्यातून दोन शनिवार हॉस्टेलवर थांब. जाताना "काही समजलं नाही" घेऊन जाऊ नको. एक प्रश्न, तो कुठपर्यंत सुटला आणि कोणत्या ओळीला अडला, एवढं कागदावर घेऊन जा. आणि उन्हाळ्यासाठी एमटीटीएसचा फॉर्म भर. कुमरेसन सरांनी १९९३ साली सुरू केलेलं गणिताचं उन्हाळी शिबिर आहे ते, निवडून घेतात. तिथेही शिकवणारे उत्तर देत नाहीत, विचारत सुटतात, पण देशभरातली मुलं तुझ्यासारखीच अडखळताना दिसली की अडखळण्याची लाज उरत नाही. इंग्रजीचं फार मनावर घेऊ नको. प्रूफला लागणारे शब्द मूठभर असतात, विचार 'मले' मध्ये कर आणि कागदावर त्या शब्दांत उतरव.

राहिले वडील. ७ मार्क लपवून ठेवलेस तर ते आतेभावाकडून नाहीतर शेजारच्या पोराकडून कळतील, आणि मग मार्कांपेक्षा लपवल्याचं जास्त होईल. फोनवर सांगू नको. या खेपेला घरी जाशील तेव्हा सांग, पण कापणी चालू असेल आणि व्यापाऱ्याशी भावावरून वाजत असेल तर त्या वेळी नको. गाडी भरून जाऊ दे, ते जेवायला बसू देत, मग पेपरच दाखव. लाल गोल दाखव आणि तो ए तिथे का नको होता ते त्यांना समजावून सांग. त्यांना कळलं तर तुला ते आलं असं समज.

तुझी,
मावशी