बारा महिन्यांचा जुना हिशेब

वायव्य लंडनमधल्या एका वाचक बाईंचं पत्र आहे. १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर. २०२२-२३च्या हिवाळ्यातली गॅसची बिलं बघून त्यांनी धसका घेतला आणि डिसेंबर २०२३मध्ये बैठकीतली गॅस फायर काढून तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला. काम ओळखीच्या बिल्डरनं केलं, पैसे रोख दिले. आता घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक पक्कं झालंय आणि खरेदीदाराच्या सॉलिसिटरनं स्टोव्ह नियमांप्रमाणे बसवल्याचं सर्टिफिकेट मागितलंय. ते यांच्याकडे नाही. मित्रमंडळींचा सल्ला असा की बारा महिने उलटले की कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, काही करता येत नाही, एक इंडेम्निटी पॉलिसी (कौन्सिलच्या कारवाईचा खर्च देणारा विमा) घ्या आणि मोकळे व्हा. हे बरोबर आहे का, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता आणखी एक वाक्य आहे: मिस्टरांनी गेल्या आठवड्यात घराचा पत्ता देऊन कौन्सिलला ईमेल केला की आमच्या स्टोव्हची तुमच्याकडे काही नोंद आहे का.

अशी पत्रं सध्या बरीच येतात. त्या हिवाळ्यात सरकारनं मध्ये पडून दर बांधून दिले, तरी साधारण घराचं वर्षाचं वीज-गॅसचं बिल २,५०० पौंडांच्या घरात गेलं होतं. घाबरून लोकांनी स्टोव्ह बसवले. आता तीच घरं विक्रीला निघतायत आणि कागद कुठेत, याची शोधाशोध सुरू झालीय. स्टोव्ह बसवणं हे बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम पाळलेत का ते बघणाऱ्या खात्याला, कळवायचं काम आहे, हे इथे पुन्हा उगाळत बसत नाही.

बाई, तुमची मित्रमंडळी तुम्हाला सप्टेंबर २०२३पर्यंतचा कायदा सांगतायत.

१९८४च्या बिल्डिंग ॲक्टचं कलम ३६ असं आहे की नियम मोडून केलेलं काम काढून टाका किंवा दुरुस्त करा, अशी नोटीस कौन्सिल घराच्या मालकाला देऊ शकतं. काम पूर्ण झाल्यापासून किती काळात ही नोटीस देता येते, ते त्याच कलमात लिहिलेलं आहे. पूर्वी ती मुदत १२ महिने होती आणि सगळ्या इंग्लंडभर लोक त्याच भरवशावर घरं विकत होते. पुढे २०२२चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. त्यातल्या दुरुस्तीनं १ ऑक्टोबर २०२३पासून इंग्लंडमध्ये ही मुदत १० वर्षं झाली. तुमचं काम डिसेंबर २०२३चं, म्हणजे नवा नियम लागू झाल्यानंतरचं. जुन्या कामांना कुठली मुदत लागू, यावर वकील वाद घालू शकतात. तुमच्या कामाबद्दल वादाला जागाच नाही. नोटिशीची टांगती तलवार डिसेंबर २०३३पर्यंत आहे.

आणि नोटीस येते ती मालकाला. काम करून घेतलं कोणी, हे त्यात बघत नाहीत. उद्या घर विकलंत की मालक तुमचा खरेदीदार. त्याचा सॉलिसिटर हटून बसलाय तो उगाच नव्हे. मी त्याच्या जागी असते तर मीही बसले असते.

कौन्सिल खरोखर नोटीस देईल का? बैठकीतल्या एका स्टोव्हसाठी, कोणी तक्रार केली नसेल तर, बहुधा नाही. पण 'बहुधा नाही' या शब्दांवर खरेदीदाराची बँक कर्ज देत नाही.

आता पॉलिसीकडे वळू. इंडेम्निटी पॉलिसीचा प्रीमियम एकदाच भरायचा असतो आणि फार नसतो, म्हणून ती सगळ्यांना आवडते. तिची पहिली अट मात्र कोणी वाचत नाही. या कामाबद्दल तुम्ही किंवा तुमच्या वतीनं कोणीही कौन्सिलशी संपर्क साधलेला नसावा, अशी ती अट असते. कारण उघड आहे: ज्यानं स्वतःहून कौन्सिलला जागं केलं, त्याला कौन्सिल उठण्याविरुद्ध विमा कोण देईल? मिस्टरांनी पत्त्यासकट ईमेल केला, तिथे हा दरवाजा जवळजवळ बंद झाला. दोन ओळींचा, चांगल्या हेतूनं लिहिलेला ईमेल, पण सॉलिसिटरला विचारल्याशिवाय पाठवायचा नव्हता. पाठवायच्या आधी एक फोन केला असतात तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

कोणी सुचवेल की प्रस्तावाच्या फॉर्मवर त्या ईमेलचा उल्लेखच करू नका. तसं करू नका. कौन्सिलकडे तारीखवार नोंद राहते आणि खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी नेमकी दाव्याच्या वेळी रद्द होते. तसंच, विक्रीच्या वेळी भरायच्या माहितीपत्रकात 'माहीत नाही' असंही लिहू नका. तुम्हाला माहीत आहे. १९६७च्या मिसरिप्रेझेंटेशन ॲक्टखाली खरेदीदार नंतर भरपाई मागू शकतो, आणि तुम्ही मला लिहिलेलं पत्र तुमच्याच विरोधात वाचलं जाईल.

पॉलिसी मिळाली असती तरी मी ती फार आनंदानं घेऊ दिली नसती. ती कौन्सिलच्या कारवाईचा खर्च देते. धुराड्याला आग लागली किंवा घरात कार्बन मोनॉक्साइड भरला, तर तिचा काही उपयोग नाही. तुमच्या फोटोंमुळे मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तुम्ही तीन फोटो पाठवलेत. पहिल्यात बिल्डरचं गॅस सेफचं, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या नोंदणीचं, कार्ड आहे आणि 'तो रजिस्टर्ड होता' असं तुम्ही खाली लिहिलंय. ते कार्ड मागून बघितलं होतंत का? कोणत्या कामांसाठी तो माणूस पात्र आहे, याची यादी मागच्या बाजूला असते आणि ती सगळी गॅसची कामं असतात. गॅस फायर काढून पाइप बंद करणं त्याच्या अधिकारातलं होतं, ते त्यानं नीटच केलं असेल. लाकडाच्या स्टोव्हशी त्या कार्डाचा काडीचा संबंध नाही. त्यासाठी हेटास (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी योजना) किंवा तसल्या दुसऱ्या मान्यताप्राप्त योजनेतला माणूस लागतो. तो स्वतःच काम प्रमाणित करतो आणि काम संपल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला कागद मिळायला हवा. जानेवारी २०२४ संपेपर्यंत तो आला नाही तेव्हा तुम्ही विचारलं असतंत, तर बिल्डर तेव्हा फोन तरी उचलत होता.

दुसऱ्या फोटोत स्टोव्हचं दार उघडं आहे आणि दाराच्या खालीच, वीतभरही अंतर न ठेवता, लॅमिनेटची जमीन सुरू होते. बंद दाराच्या स्टोव्हसमोर न जळणारी फरशी किमान २२५ मिलिमीटर पुढे यायला हवी, असं सरकारी मार्गदर्शिका, म्हणजे अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट जे, सांगते. एक निखारा बाहेर पडला तर तो कुठे पडेल, ते फोटोत दिसतंय. तिसऱ्या फोटोत वरच्या पत्र्याच्या फटीतून लायनर, म्हणजे धुराड्याच्या आतली धातूची नळी, दिसतो. तो गॅस फायरचाच जुना असावा, असं मला वाटतं. मी इंजिनियर नाही, त्यामुळे खात्रीनं सांगत नाही. पण गॅसचा लायनर एकपदरी असतो आणि लाकडाच्या धुराला तो चालत नाही. तो बदललेला नसेल तर कागदाचा प्रश्न नंतर, आधी त्या स्टोव्हमध्ये काडीसुद्धा पेटवू नका. पाहुणे आले, थंडी पडली, खरेदीदार दुसऱ्यांदा घर बघायला आला, तरी नाही.

मग करायचं काय? हेटासचा माणूस बोलावून जुन्या कामावर सही मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. दुसऱ्यानं केलेल्या कामाचं सर्टिफिकेट तो देऊ शकत नाही.

कौन्सिलकडून रेग्युलरायझेशन सर्टिफिकेट मिळू शकतं. परवानगीशिवाय झालेल्या कामाला मागाहून नियमित करण्याचा तो मार्ग आहे. अर्ज, फी, तपासणी, आणि 'भिंत फोडून लायनर दाखवा' म्हणायचा त्यांना अधिकार. फोटो पाहता पहिल्याच तपासणीत तुम्ही नापास होणार. म्हणजे काम पुन्हा करा, पुन्हा तपासणी मागा, आणि तपासणीची तारीख कधी मिळेल ते कौन्सिलच्या मर्जीवर. मधल्या काळात तुमचं गिऱ्हाईक थांबेल याची हमी काय? इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज होईपर्यंत दोघंही मोकळे असतात, तो उद्या सकाळी नाही म्हणू शकतो. ज्यांना विकायची घाई नाही त्यांनी हा रस्ता धरावा. तुमच्यासाठी मी तो सुचवणार नाही.

माझ्या मते खरेदीदाराला सरळ विचारा: स्टोव्ह हवा की नको? नको असेल तर तो काढून टाका, धुराडं हवा खेळती राहील असं वरून झाका, आणि सॉलिसिटरमार्फत लेखी कळवा की स्टोव्ह काढला आहे व विक्रीत धरलेला नाही. एजंटच्या जाहिरातीत 'लॉग बर्नर' झळकत असेल तर ती ओळख आणि फोटो आजच काढायला सांगा. किंमत थोडी कमी करावी लागेल, लागू दे. स्टोव्ह हवाच असेल तर रजिस्टर्ड माणसाकडून सगळं उतरवून नव्यानं बसवून घ्या: नवा लायनर, नवी फरशी, जवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. काम त्याचं, म्हणून सर्टिफिकेटही त्याचं. स्टोव्हच्या मागची उत्पादकाची पट्टी आणि माहितीपुस्तिका शाबूत असेल तर तोच स्टोव्ह पुन्हा वापरता येईल कदाचित, ते तो बघून सांगेल. खर्च तुमचा. पण कौन्सिलच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे आठवड्यांत उरकतं.

बिल्डरला सोडू नका, पण त्याच्यावर भिस्तही ठेवू नका. २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टखाली काम वाजवी कौशल्यानं करणं त्याला बंधनकारक होतं. करारभंगाच्या दाव्याची मुदत सहा वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२९पर्यंत वेळ आहे. पावती नाही ही तुमची चूक. तरी त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रोख रकमेची नोंद आणि हे फोटो जपून ठेवा. जुना स्टोव्ह उतरवताना नव्या माणसाकडून लायनरचे फोटो आणि दोन ओळींचा लेखी अभिप्राय घ्या, कारण एकदा उतरवलं की पुरावा गेला. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये बसतो आणि त्याला वकील लागत नाही. मात्र सुनावणीपर्यंत वर्ष सहज निघून जातं. लहान माणसांसाठी काढलेली ही झटपट कोर्टं झटपट कधी होणार, हे विचारणं मी सोडून दिलंय. घर विकून त्या पैशातून हा खर्च भागवू, असं गणित मांडू नका.

बाकीचं थोडक्यात सांगते, कारण पुरेशी माहिती तुम्ही दिलेली नाही. लंडनचा बहुतेक भाग धूरबंदी क्षेत्रात येतो. तिथे चिमणीतून धूर निघाला तर कौन्सिल १७५ ते ३०० पौंडांचा दंड लावू शकतं. तुमचं मॉडेल सूट मिळालेल्या यादीत आहे का ते सरकारी संकेतस्थळावर बघा. नसेल तर ते पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. घराच्या विमा कंपनीला स्टोव्हबद्दल कळवलं होतं का? नसेल तर पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी काय विचारलं होतं आणि तुम्ही काय उत्तर दिलं होतं, त्यावर सगळं अवलंबून. तो कागद काढून बघा. घर संवर्धन क्षेत्रात असेल आणि धुराचा पाइप रस्त्याच्या बाजूनं गेला असेल तर प्लॅनिंगचा प्रश्नही निघू शकतो. जुन्याच धुराड्यातून गेला असेल तर बहुतेक नाही. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. तुमची एडिंबरोची बहीण हेच वाचून काही ठरवणार असेल तर तिला थांबवा, स्कॉटलंडचे नियम वेगळे.

खरेदीदाराच्या सॉलिसिटरला या आठवड्यातच उत्तर जाऊ द्या. सर्टिफिकेट नाही, काम डिसेंबर २०२३चं आहे, कौन्सिलला विचारणा झालेली आहे, आणि आम्ही स्टोव्ह काढायला किंवा नव्यानं बसवून द्यायला तयार आहोत, इतकंच. बिल्डरची हकीकत त्यात नको. कौन्सिलकडून मिस्टरांच्या ईमेलला उत्तर आलं तर ते जसंच्या तसं तुमच्या सॉलिसिटरकडे पाठवा, आणि यापुढे कौन्सिलला जे काही लिहायचं ते त्यांच्याच हातून जाऊ द्या.