पोरगी आता आमच्यासोबत तलावावर येत नाही

थंडी सुरू झाली की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. आईबाप येऊन बसतात अन् सांगतात, मॅडम पोरगी आधी सगळीकडे सोबत यायची, वावरात, तलावावर, जंगलात, आता खोलीतून निघतच नाही, मोबाईल घेऊन पडून राहते, व्यसन लागलं का हो? उत्तर बरेचदा ते घरूनच घेऊन आलेले असतात, मोबाईल काढून घ्या एवढं मी म्हणावं म्हणजे झालं. त्यावरच एक केस सांगते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत.

मी ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये बसते, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असतं ते. हे कुटुंब गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडचं. वडिलांची धानाची शेती अन् छोटं दुकान, पण जीव सगळा पाखरांत. दुर्बीण, पाखरांच्या नोंदींची वही, रविवारी पहाटे पाचला गाडीला किक. कधी नवेगावबांध, कधी इटियाडोह, नाहीतर गावातलाच मामा तलाव (बाहेरच्यांसाठी, माजी मालगुजारी तलावाला आमच्याकडे सगळे मामा तलावच म्हणतात). सोबत दहा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी अन् वडिलांचे दोन मित्र. दुपारी दीड दोनला परत. मला खरंच कौतुक वाटलं, कारण इतक्या जवळ राहून तलावाची पाळ न चढलेली पोरं मी रोज बघते.

वडील म्हणाले, "मॅडम, सातवीत होती तोवर माझ्याआधी उठून बसायची. आता शनिवारी रात्रीच तोंड पाडते. पोट दुखते, अभ्यास आहे, काहीतरी काढतेच. अन् आम्ही निघून गेलो का मोबाईल!" बोलता बोलता त्यांचा आवाज जड झाला होता, म्हणजे राग कमी अन् वाईट जास्त वाटून राहिलं होतं त्यांना. आई बाजूला बसून ओढणीचं टोक गुंडाळत होती, एक शब्द नाही.

दोघांना बाहेर बसवलं अन् मुलीशी बोलले. पहिलं उत्तर ठरलेलं, "मले बोर होते." ठीक आहे म्हटलं. मग सहज विचारलं की सारस पाहिला का गं कधी जवळून, मी तर इथं राहून पण दुरूनच पाहिलाय. झालं, पोरगी सुरू झाली. बांधीत (म्हणजे धानाच्या खाचरात) घरटं कसं करतात, अंडी बहुतेक दोनच असतात, नर अन् मादी दोघं आळीपाळीनं बसतात, महिनाभर लागतो पिल्लू निघायला, अन् मॅडम उभा राहिला ना तर बाबांएवढा दिसते. हाताने मान कशी वर करतो ते दाखवलं. बोर झालेली पोरगी असं बोलत नसते.

तिच्या केसपेपरवर माझं आधीच लक्ष गेलं होतं. लघवीला जळजळ होते म्हणून ती दोनदा ओपीडीत येऊन गेली होती, दोन्ही वेळा सोमवारी. म्हणून विचारलं, रविवारी निघताना पाणी किती पितेस? ती गप्प. मग खाली बघून म्हणाली, "पीतच नाही. शनिवारी संध्याकाळपासूनच नाही पीत."

हळूहळू सगळं निघालं. मागच्या हिवाळ्यात नवेगावबांधला गेले होते, पट्टकादंब बघायला, हिवाळ्यात येणारे ते राजहंसासारखे पक्षी. पाळी आली तिला तिथंच, तलावाच्या काठावर, अन् आधीच्या दोन महिन्यांत आली नव्हती त्यामुळे सोबत काही घेतलेलं नव्हतं. आजूबाजूला बाप, भाऊ अन् दोन काका, बाई एक नाही. स्वेटर कमरेला बांधून ती दगडावर बसून राहिली, उठलीच नाही. पोट दुखते एवढंच सांगितलं. बाबा म्हणाले चल थोडं, चालल्यावर बरं वाटेल, अन् दुर्बीण डोळ्याला लावली. त्यांचा काही दोष नव्हता हो, त्यांना कुठून कळणार. पण भरात असलेल्या त्या तलावासमोर, सात बहिणी म्हणतात त्या डोंगरांसमोर, तिला फक्त एकच दिसत होतं की स्वेटर पाठीमागून पुरतो का नाही. तिथून पुढे प्रत्येक शनिवारी तिच्या पोटात गोळा यायला लागला, अन् पाळी नसली तरी लघवीला जायचं कुठं हा प्रश्न होताच. भाऊ झाडामागं जाऊन येते, काका पण जातात.

इथं थोडं सांगून ठेवते, आयांनाही माहीत नसतं म्हणून. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं तारीख धरून येत नाही, या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, मधे एखादा महिना चुकतो पण. तीन महिने आलीच नाही किंवा तासातासाला पॅड भिजून राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, अंगावरून कमी जात असलं तरी. अन् पाणी न पिणं, लघवी रोखून धरणं यानंच जळजळ सुरू होते, गोळ्यांनी थांबते, पुढच्या रविवारी परत.

मी तिला विचारलं की हे घरी कोणाला सांगू का. तिच्या परवानगीशिवाय सांगणार नव्हते अन् तसं तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली आईला सांगा, बाबांना आई सांगेल, मी नाही सांगणार.

आईला आत बोलावलं. ऐकल्यावर ती पहिल्यांदा बोलली, अन् मग थांबेचना. "मॅडम, आम्ही रोवणीले जातो तं दिवसभर बांधीतच असतो जी, आमची नाही का येत पाळी? कोन्या धुऱ्यामागं जायचं ते आधीच पाहून ठेवतो. दोघी जनी लुगडं धरून उभ्या राहतात. बेशरमाची झुडपं काय उगाच आहेत का तलावाच्या काठानं!" मी म्हटलं मग हे लेकीला काऊन नाही सांगितलं? तर म्हणाली, "मी जातच नाही ना त्याहिच्यासोबत. मी डबा करून देतो."

मला वाटतं सगळी केस त्या एका वाक्यात होती. या बाईचं माहेर नागझिऱ्याकडचं, लहानपणी पहाटे मोहफुलं वेचायला जायची, पहिल्या पावसानंतर कोणत्या वारुळाजवळ सात्या (रानातली अळंबी) निघतात ते तिला माहीत, अन् लग्नानंतर घरातलं निसर्गप्रेम म्हणजे नवऱ्याची दुर्बीण अन् तिच्या वाट्याला पहाटे चारला उठून पोळ्या. कोणी मुद्दाम केलं नव्हतं हे. वडिलांच्या मित्रांसोबतची सवय होती, लेकरं मोठी झाली तशी त्यात सामील झाली, अन् पोरगी तेरा वर्षांची झाली तरी सहल पुरुषांच्या सोयीचीच राहिली. फॅमिली फिरते असं सगळे म्हणायचे, स्टेटसला फोटो पण असायचे.

वडिलांना आईनंच सांगितलं, माझ्यासमोर. ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले, कान लाल. मग एकदम म्हणाले, बरं मग त्या तारखा सोडून जात जाऊ. हे ऐकलं की मला हसू पण येतं अन् बरं पण वाटतं, बाप लगेच सोय शोधायला लागतो. पण तारखा ठरलेल्या नाहीत हे परत समजवावं लागलं, अन् तारीख टाळायची म्हणजे दर वेळी पोरीनं घरात जाहीर करायचं का हेही.

मग ठरलं ते साधंच होतं. महिन्यातले दोन रविवार मित्रांसोबत, तेव्हा कोणी पोरांना ओढायचं नाही. उरलेल्या रविवारी घरचेच चौघं, आई सोबत, अन् डब्याऐवजी वडिलांनी सकाळी पोहे करायचे. एका लहान पिशवीत पॅड, पेपर, एक जास्तीची सलवार, पाण्याची बाटली अन् वापरलेलं परत आणायला एक वेगळी थैली, कारण तलावावर काही टाकायचं नाही. ही पिशवी दर वेळी गाडीला लटकणार, गरज असो नसो, म्हणजे कोणाला काही विचारायलाच नको. जिथं जायचं तिथं उघडं असलेलं बाथरूम कुठं आहे ते वडिलांनी आदल्या दिवशी बघायचं, जसं पाखरं कुठं उतरली ते बघतात तसंच. अन् सुरुवात गावच्या तलावापासून, दोन तासात घरी.

पोरगी लगेच आली असं नाही. पहिल्या रविवारी नाहीच म्हणाली अन् मी वडिलांना सांगितलंच होतं की टोमणा मारायचा नाही. नंतर आली. पावसाळ्यात आईनं तिला सात्या दाखवल्या, कोणत्या खायच्या अन् कोणत्याला हात नाही लावायचा, अन् इतकी वर्षं त्याच वाटेनं जाणाऱ्या वडिलांना त्या कधी दिसल्याच नव्हत्या कारण ते कायम वरच बघत चालायचे. हे तिनं मला फार खुशीत सांगितलं. जळजळ परत झाली नाही.

मोबाईलचं भांडण घरात आहेच, ते काही या केसमध्ये सुटलं नाही. आजी पण म्हणते त्या दिवसांत तलावाच्या देवाकडं जाऊ नये, तर मायलेकी तिला सांगतच नाहीत. मी त्यात पडले नाही, एका वेळी किती आघाड्या उघडायच्या.

तुमच्या घरी असं होत असेल तर आधी बघा की मुलीनं नेमकं काय काय सोडलंय. फक्त बाहेर जाणंच सोडलं असेल अन् मैत्रिणी, शाळा, जेवण सगळं नीट असेल तर बाहेर तिची अडचण काय होते ते विचारा, शक्यतो आईनं किंवा मावशी, आत्यानं, अन् एकटीला. पण दोन आठवड्यांच्या वर सगळ्यातूनच मन उडालंय, झोप नाही, जेवण नाही, जगून काय करू असं बोलून राहिली, तर थांबू नका, लगेच दाखवा, टेली मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे अन् रात्री पण लागतो.

जूनमध्ये त्या वडिलांचा फोन आला होता. सारस मोजणीला नेऊ का मॅडम तिला, पहाटेपासून बांध्यांतून फिरावं लागते. म्हटलं मला कशाला विचारता, तिला विचारा. तिनं सांगितलं, नऊपर्यंत येते, आई आली तर, पुढचं तुम्ही अन् काका मोजा.