नोकरी सांभाळून सेमिस्टरला एक-दोनच विषय घेतले, तर अमेरिकेत फार्मडीला (फार्मासिस्ट होण्यासाठी लागणाऱ्या पदवीला) प्रवेश मिळतो का?

मिळतो. मला मिळाला, आणि माझ्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) पाच सेमिस्टर एकेका विषयाची आहेत. तुम्ही विचारलंय की फार्मसी स्कूलवाले ‘हिला पूर्ण अभ्यास झेपणार नाही’ असं समजतील का. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी 2009 ची बी.फार्म. लग्नानंतर एच-4 वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) न्यू जर्सीत आले. 1 जानेवारी 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्यांना एफपीजीईई (परदेशी फार्मसी पदवीधरांची अमेरिकेतली पात्रता परीक्षा) द्यायला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची डिग्री तिथेच अडकते. म्हणजे फार्मडी मुळापासून, आणि त्याआधी सगळे प्रीरेक, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय. मुलगी दीड वर्षाची होती. संध्याकाळी नवरा दारात पाऊल टाकायचा आणि मी त्याच्या हातून किल्ली घेऊन काउंटी कॉलेजच्या लॅबला निघायचे. एका वेळी एकच विषय जमत होता. पाचही विषयांत ए मिळाला.

त्या वर्षी गणपतीत सगळे जमलो होतो. मी मोदक वाफेवर ठेवत होते आणि दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, असं चवीपुरतं एकेक विषय घेणाऱ्यांना कुणी फार्मसीला घेत नाही. आम्ही पूर्ण लोड घेऊन वर लायब्ररीत काम करायचो." भाऊजी एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेले. एफ-1 वर फुल-टाइम राहावंच लागतं, नाहीतर व्हिसा धोक्यात येतो. त्यांना निवडच नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही. कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझरनेही ‘अर्जात फुल-टाइम दिसलं पाहिजे’ म्हटलं, आणि पुढच्या सेमिस्टरला मी 15 क्रेडिट घेतली, म्हणजे पूर्ण लोड: ऑरगॅनिक केमिस्ट्री-2, मायक्रोबायोलॉजी, अ‍ॅनाटमी, स्टॅट्स.

ते चार महिने मला अजून आठवतात. डायनिंग टेबलवर रेणू जोडायचे प्लॅस्टिकचे गोळे पसरलेले, मुलगी त्यातला हिरवा क्लोरीन मुठीत धरून झोपलेली. ऑरगॅनिकच्या मिडटर्मच्या आदल्या रात्री तिचा कान दुखायला लागला. पहाटे चारपर्यंत मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या आणि नऊला पेपर दिला. मायक्रो सोडावं लागलं, तिथे डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याचा शेरा) लागला. ऑरगॅनिक-2 मध्ये डी.

पुढच्या सेमिस्टरला ऑरगॅनिक-2 पुन्हा केलं, ए आला. पण लक्षात ठेवा, फार्मकॅस (फार्मसी स्कूलांचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) जुना ग्रेड पुसत नाही. कॉलेजने पुसला तरी ते दोन्ही धरतात. एक डी (1) आणि एक ए (4), सरासरी अडीच. केवळ ‘भरगच्च दिसावं’ म्हणून घेतलेल्या एका सेमिस्टरची ही किंमत.

इंटरव्ह्यूला समोर दोन प्राध्यापक होते. एकीने ट्रान्सक्रिप्टवर बोट ठेवलं, ते त्याच सेमिस्टरवर. "इथे काय झालं?" एकेका विषयाच्या पाच सेमिस्टरांबद्दल त्या दोघांपैकी एकानेही चकार शब्द काढला नाही. मी खरं ते सांगितलं. शिवाय त्या डीनंतर मी एका सेमिस्टरला मायक्रो आणि फिजिऑलॉजी, दोन्ही लॅबसकट, एकत्र घेऊन दोन्हीत ए मिळवले होते. ते त्यांनी आपणहून वाचून दाखवलं.

माझं मत स्पष्ट आहे. कमी क्रेडिटने प्रवेश जात नाही, खराब ग्रेडने जातो. माझ्या वेळी निदान पीसीएटी ही फार्मसीची प्रवेश परीक्षा होती, तिच्या गुणांनी मला सावरलं. ती परीक्षा जानेवारी 2024 मध्ये शेवटची झाली. आता तुमचे ग्रेड पूर्वीपेक्षा जास्त बोलणार. नोकरीचे तास अर्जात आठवड्याच्या हिशेबाने नीट लिहा, कमी क्रेडिटचं कारण तिथेच दिसतं. तुम्ही फार्मसीत टेक्निशियन असाल तर ते तास स्वतःच मोठी जमेची बाजू आहेत.

हे मात्र खरं की फार्मडीच्या पहिल्या वर्षी 15-18 क्रेडिट एका दमात येतात, आणि स्कूलला त्याची काळजी असते. म्हणून अर्जाआधी एक तरी सेमिस्टर दोन लॅबवाल्या सायन्सच्या विषयांचं असू द्या. आणि फार रेंगाळू नका. काही स्कूल पाच-सात वर्षांपेक्षा जुनं सायन्स धरत नाहीत. तुमची पहिली केमिस्ट्री कधीची आहे ते आजच बघा. तुम्ही स्वतः एफ-1 वर असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, तुम्हाला पार्ट-टाइम सहसा घेता येणार नाही.

भाऊजी अजूनही नव्याने आलेल्यांना ‘पूर्ण लोडच घ्या’ म्हणून सांगतात. तुमच्याही घरात कुणी सांगत असेल, तर ज्या रात्री लेकरू आजारी पडेल त्या रात्री जागायला कोण येणार, एवढं त्यांना विचारा. येत्या सेमिस्टरला ऑरगॅनिक आणि मायक्रो एकत्र घ्यायचं मनात असेल, तर आधी मॅनेजरकडून तास कमी करून घ्या. तो नाही म्हणाला, तर एकटं ऑरगॅनिक घ्या.