शितावरून भात, पण एका शेतावरून मंडळ?

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव बार्शी तालुक्यात. दहावी-बारावीत सरासरी, मध्यक, बहुलक सोपं वाटायचं, म्हणून हा विषय घेतला. आता मोमेंट जनरेटिंग फंक्शन आणि सेंट्रल लिमिट थिअरम यांच्या सिद्धता डोक्यावरून जातात. अंतर्गत परीक्षेत ५० पैकी १९ मिळाले. मामा म्हणतात, हे सोड आणि संगणकाचा कोर्स कर. त्यातच या हंगामात आमच्या ज्वारीच्या शेतात पीक कापणी प्रयोग झाला, म्हणजे शेतातला एक छोटा तुकडा मोजून कापला; अशा तुकड्यांवरून महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, उत्पन्न ठरवतात. दादांनी (वडिलांनी) विचारलं, "तू हेच शिकतेस ना? मग सांग, एवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या मंडळाची ज्वारी कशी कळते? आणि आपलंच शेत का धरलं?" मला उत्तर देता आलं नाही. मॅडम, खूप वाईट वाटलं. मी हा विषय सोडावा का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सोडू नकोस. तुझ्या दादांनी विचारलेले दोन प्रश्न हा तुमच्या दुसऱ्या वर्षाचा अख्खा अभ्यासक्रम आहे. ५० पैकी १९ हे फक्त एका दुपारचे गुण. त्या प्रश्नांचं उत्तर देता आलं नाही याचं तुला वाईट वाटलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी ३१ वर्षं हा विषय शिकवला. ज्यांना असं वाईट वाटतं, ती मुलं पुढे विषय धरून ठेवतात.

आधी 'आपलंच शेत का' ते बघू. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजलेला असतो. शेतं तशी नसतात. विहिरीजवळची ज्वारी वेगळी, माळावरची वेगळी. अधिकाऱ्यानं रस्त्याकडेचं बरं शेत निवडलं तर आकडा फुगतो, कुणी मुद्दाम वाळलेलं दाखवलं तर आकडा पडतो. म्हणून निवड माणसाच्या हातात ठेवतच नाहीत. कोणतं गाव, कोणता गट नंबर, हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारख्या, अंकांवरून ठरतं. शेतात आल्यावरही नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं लांबीच्या आणि किती रुंदीच्या दिशेनं जायचं, तेही अंकच सांगतात. तिथे दोरी लावून बऱ्याच पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा कापतात. तेव्हा दादांना सांग : आपलं शेत चांगलं म्हणून धरलं नाही, वाईट म्हणूनही नाही. चिठ्ठी निघाली, एवढंच. आणि एकट्या आपल्या तुकड्यावर मंडळाचा आकडा ठरत नाही, असे अनेक तुकडे मिळून तो ठरतो.

तुकडा एवढाच का? एक मीटर बाय एक मीटर का नाही? हा प्रश्न मला फार प्रिय आहे, कारण त्याचं उत्तर शोधणारा माणूस आमच्या सातारा जिल्ह्यातला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात संशोधन केलं आणि परत येऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या अंदाजावर काम केलं. पुढे ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले. त्यांनी शेतात प्रयोग करून दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण कागदावर शोधू नकोस, दोरीवर शोध. दोरीला चिकटलेलं ज्वारीचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आता हिशेब कर. १० बाय ५ च्या तुकड्याला कडा ३० मीटर आणि क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरमागे ६० सेंटिमीटर कडा. एक बाय एकच्या तुकड्याला एका चौरस मीटरमागे कडा ४ मीटर! चूक कडेला होते, आणि लहान तुकडा म्हणजे बहुतेक कडाच. पुस्तकात 'बायस', म्हणजे सतत एकाच बाजूला झुकणारी चूक, हा शब्द वाचतेस ना, तो हा.

आता तुझ्या सिद्धतांकडे येते. त्या डोक्यावरून जातात, कारण आधी हातात काहीच धरलेलं नसतं. मी वर्गात भुईमुगाच्या शेंगा आणायला सांगायची. तू घरी कर. १०० शेंगा फोड आणि प्रत्येकीतले दाणे मोज. आमच्या एका वर्गात एका दाण्याच्या २२, दोन दाण्यांच्या ६५ आणि तीन दाण्यांच्या १३ निघाल्या होत्या. सरासरी १.९१, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ०.५८च्या आसपास. आलेखावर तीनच खांब, घंटेच्या आकाराचा मागमूस नाही. मग २५-२५ शेंगांचे ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगाची सरासरी फळ्यावर टिंबानं मांडायची. चाळीस मुलांची टिंबं पडली की १.९१च्या भोवती टेकडी उभी राहते आणि तिचं प्रमाण विचलन ०.१२च्या जवळ येतं. ०.५८ला २५च्या वर्गमुळानं, म्हणजे ५नं भाग. मुली खुर्चीवर चढून फळा बघायच्या. मूळ आकडे कसेही असोत, मोठ्या ढिगांच्या सरासऱ्या घंटेच्या आकारात जमतात. सेंट्रल लिमिट थिअरम तो हाच.

आता २५ शेंगांत मिळून ४८ दाणे निघण्याची संभाव्यता काढून बघ. एक दाणा किती शेंगांत, दोन किती, तीन किती, हे जुळवता जुळवता वही संपेल. एमजीएफ, म्हणजे तुझं मोमेंट जनरेटिंग फंक्शन, इथे कामाला येतो. चलाच्या सगळ्या किमती आणि त्यांच्या संभाव्यता तो एका सूत्रात बांधतो. एका शेंगेचा एमजीएफ लिही, फक्त तीन पदं आहेत, आणि त्याचा २५वा घात कर. बेरजेचं जंजाळ गुणाकारात मिटतं. परस्परांवर अवलंबून नसलेल्या चलांची बेरीज हाताळायला हे हत्यार केलं आहे, एवढं मनात ठेवून सिद्धता पुन्हा वाच. ओळ न् ओळ स्वतःच्या हातानं लिही आणि प्रत्येक ओळीत t च्या, म्हणजे एमजीएफच्या सूत्रातल्या अक्षराच्या, जागी काय चाललंय ते बघ. पाठ करू नकोस.

दादांचा पहिला प्रश्नही इथेच सुटतो. तुकड्यांची संख्या वाढवली की अंदाजातली चूक घटते, पण वर्गमुळानं. चूक निम्मी करायची तर तुकडे चौपट कापावे लागतात. म्हणूनच सगळी शेतं कापत बसत नाहीत. किती कापली की पुरे, हे आधी सांगता येतं, आणि ते सांगता येतं निवड चिठ्ठीनं झाली म्हणूनच. त्यांना हे ओट्यावर बसून शेंगा दाखवत सांग.

मामांना म्हणावं, संगणक मी शिकणारच आहे. 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली फुकट मिळते, तिला रोज अर्धा तास दे. पण संभाव्यता आणि नमुना निवड सोडून नुसत्या कोर्सच्या मागे लागू नकोस. पदवीनंतर एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा स्वतंत्र पेपर असतो. त्यापुढे यूपीएससीतर्फे भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे. विमा, बँका आणि औषध कंपन्यांच्या चाचण्या इथेही आपली मुलं काम करतात.

प्रश्न : प्रॅक्टिकलला अजून आम्हाला हातानं सारण्या करायला लावतात. संगणक हे क्षणात करतो. मग हा वेळ वाया नाही का?
— दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : शंभर निरीक्षणांची बेरीज हातानं करायला लावणं मलाही पटत नाही. वीस पुरेत. पण वीस तरी करच. एकदा आमच्या मुलांनी २०० घरांची पाहणी केली. संगणकावर दर कुटुंबी सरासरी माणसं आली ११.५८. दोघांनी तो आकडा तसाच अहवालात लिहिला. एका मुलीनं मात्र पहिली वीस घरं वहीत मांडली होती. चौथ्याच ओळीवर तिची पेन्सिल थांबली आणि ती त्या घराच्या पाहणीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली : "मॅडम, या घरात ९९ माणसं कशी?" माहिती मिळाली नाही तिथे ९९ लिहायचं असं ठरलं होतं. अशी १४ घरं निघाली. ती बाजूला काढल्यावर सरासरी आली ५.