सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत ४० पीएसआय हवा : कमी करू की राहू देऊ?

तुमचं म्हणणं असं की गाडी परवा सर्व्हिसिंगहून आली, दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय आणि डिस्प्ले चारही चाकांना ४० दाखवतोय. सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायजर म्हणतो, "हायवेला जास्तच बरी." आणि शनिवारी सहकुटुंब समृद्धीने नागपूरला निघायचंय.

हवा कमी करायचीच आहे, पण आत्ता नाही. उद्या सकाळी करा, गाडी जागची हलवायच्या आधी.

कारण ४० हा आकडा तुम्ही केव्हा वाचलात, हे लिहिलेलं नाही. नाशिकमध्ये अंबडच्या सर्व्हिस सेंटरहून सिग्नल-ट्रॅफिक पार करत गंगापूर रोडला घरी पोचेपर्यंत टायर चांगलाच तापतो आणि आतली हवा सहज तीन-चार पॉइंट (म्हणजे पीएसआय) चढते. स्टिकरवरचा आकडा मात्र थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आणि टायरवर ऊन नाही. एका बाजूला ऊन पडत असेल तर त्या बाजूची दोन चाकं पॉइंट-दोन पॉइंट जास्त दाखवतात, त्यामुळे दुपारी पार्किंगमध्ये वाचलेला आकडाही खरा धरू नका. तेव्हा तुमचे ४० बहुधा थंडपणी ३६-३७ भरतील. जास्तीची हवा सात पॉइंट नाही, तीन-चारच. आत्ता घाईने ३३ वर आणलीत तर सकाळी २९-३० सापडेल, आणि जिथे ताशी १२० ची मर्यादा आहे त्या रस्त्यावर कमी हवा ही जास्त हवेपेक्षा फार वाईट. कमी हवेत टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, वाकते, तापते. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हातान्हात तासन्‌तास हे चाललं की टायर फुटायची तयारी झालीच.

जास्त हवाही निर्धोक नाही बरं का. टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, तिथेच झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी मिळते आणि खड्ड्यात गाडी आदळते. नाशिकच्या आतल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

सर्व्हिस सेंटरवाले असं का करतात? लबाडी म्हणून नाही, सवय म्हणून. वॉशिंगनंतर पाइप घेऊन उभा असलेला पोरगा दवाखान्यात सगळ्या पेशंटना एकच गोळी द्यावी तसा हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही सगळ्यांना ३५ किंवा ३८ टाकतो. गाडी नुकती ट्रायल मारून आलेली आहे की सकाळपासून उभी आहे, हे त्याला कोण सांगणार? शिवाय हवा कमी निघाली तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, जास्त निघाली तर कोणी ओरडत नाही. माझ्या जॉबकार्डवर 'टायर प्रेशर'समोर दर वेळी टिक असते, आणि दुसऱ्या दिवशी मोजलं की चार चाकांचे आकडे चार तऱ्हेचे. टायर रोटेशन केलं असेल तर आणखी घोळ. बऱ्याच गाड्यांना पुढे-मागे वेगवेगळी हवा सांगितलेली असते. चाकं पुढची मागे जातात, हवा मात्र जशीच्या तशी.

स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतून. टायरच्या भिंतीवर कोरलेला ४४ किंवा ५१ चा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. मेकॅनिकही कधी कधी तोच आकडा दाखवून "अजून जागा आहे साहेब" म्हणतात. हसून सोडून द्या.

आता उद्या सकाळचं काम. हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या, साधा डायलचा चालेल. वॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवा (जमिनीवर ठेवलेलं हमखास हरवतं), गेज सरळ आणि घट्ट दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर तो नीट बसलेला नाही, आकडा कमी येणार. मग वॉल्व्हची मधली पिन किल्लीच्या टोकाने क्षणभर दाबायची, सोडायची, पुन्हा मोजायचं. एका दमात भरपूर सोडू नका. शेवटी वॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का बघा आणि टोपण परत लावा.

हवा कमी निघाली आणि घरी पंप नसेल तर एक युक्ती आहे. घरी थंडपणी मोजून चाकागणिक तूट लिहून घ्या, समजा पुढचं डावं ३० म्हणजे तूट ३. पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत तेच चाक ३२ दाखवेल. तिथे ३३ लावायला सांगू नका; मशीन जे दाखवतंय त्यात ३ मिळवा, म्हणजे ३५ सांगा. टायर गरम असल्याची भरपाई होते आणि पंपाचा गेज तुमच्या गेजपेक्षा थोडा पुढेमागे असला तरी फरक पडत नाही. "पस्तीस टाकू ना?" असं तो पोरगा तसाही विचारतोच, या वेळी उत्तर मोजून दिलेलं असेल. हवा फुकट देणं पंपाला बंधनकारक आहे. दहाची नोट द्यायची तर खुशीने द्या, दर म्हणून नको.

महिन्यातून एकदा तपासा. चांगला टायरही महिन्याला साधारण एक पॉइंट सोडतो, आणि तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की आणखी एक जातो. मे महिन्यातल्या २६ अंशांच्या पहाटे बरोबर ३३ भरलेली हवा डिसेंबरात १० अंशांवर, काहीही न गळता, साडेतीसच्या आसपास येते. निफाडकडे पारा आणखी उतरतो, तिथे राहणाऱ्यांनी आणखी थोडी वजा करावी. म्हणून आपल्याकडे थंडीच्या पहिल्या कडाक्यात सकाळी टायरचा पिवळा दिवा लागतो आणि लोक पंक्चरवाल्याकडे धावतात. जाता जाता एक गंमत: मुंबईत थंडपणी भरून कसारा घाट चढून आलात तर इथे गेज सुमारे एक पॉइंट जास्त दाखवतो. नाशिक साधारण ६०० मीटर उंचावर, बाहेरच्या हवेचा दाब कमी, गेज मोजतो तो आत-बाहेरचा फरक. त्यासाठी काही करायची गरज नाही.

तुमच्या डिस्प्लेवर आकडे दिसतात म्हणजे चाकात सेन्सर आहेत. रोटेशन झालं असेल तर कोणता आकडा कोणत्या चाकाचा, हे गेजने एकदा पडताळा. काही गाड्या हे आपोआप ओळखतात, काहींना सांगावं लागतं. ज्यांच्या गाडीत नुसता दिवा आहे, आकडे नाहीत, त्यांच्यात बहुधा चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधणारी यंत्रणा असते. तिथे रीसेटचं बटण हवा बरोबर केल्यावरच दाबायचं. आधी दाबलं तर गाडी चुकीची हवाच बरोबर धरून बसते आणि दिवा गप्प राहतो.

नायट्रोजनबद्दल विचारलेलं नाही, पण कोणीतरी गळ्यात मारेलच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. परवडत असेल तर भरा, पण मोजणं त्यानेही चुकत नाही.

शनिवारचं म्हणाल तर स्टिकरवर दुसरा रकाना बघा, पूर्ण माणसं आणि सामान असल्यावरचा. त्यात बऱ्याचदा मागच्या चाकांना जास्त हवा दिलेली असते. शुक्रवारी रात्री गाडी घरी उभी करा, शनिवारी पहाटे तो आकडा लावा आणि निघा. मॅन्युअलमध्ये वेगाने लांब जाण्यासाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळा, ॲडव्हायजरचा नाही. सिन्नरहून समृद्धीवर लागून जालना ओलांडेपर्यंत डिस्प्लेवर चार-पाच पॉइंट चढलेले दिसतील. ते तसंच असतं, थांबून हवा काढू नका. एकच चाक बाकीच्या तिघांच्या मागे पडत असेल तर मात्र थांबा, ते पंक्चर आहे.

आणि स्टेपनी मोजा. सर्व्हिसिंगमध्ये सामानाच्या खालची स्टेपनी सहसा कोणी उघडत नाही. ती लहान आकाराची असेल तर तिच्यावरच हवा आणि वेगमर्यादा लिहिलेली असते, वेग बहुतेक ८०. पुढच्या खेपेला गाडी टाकताना जॉबकार्डवर 'पुढे ३३, मागे ३३, स्टेपनीसह, थंड टायरला' असं त्यांच्याच पेनने लिहून घ्या.