बॅकअपची डिस्क संगणकाला जोडून ठेवू नका

अंबडच्या वर्कशॉपमधील टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा संगणक आणि घरचा लॅपटॉप या दोन्हींवर अँटिव्हायरस आहे, बॅकअपची हार्ड डिस्कही कायम जोडलेली असते, मग फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअर या घातक प्रोग्रॅमपासून बचावासाठी आणखी काही करायला हवे का, असे आपण विचारले आहे. करायला हवे, आणि सुरुवात त्या डिस्कपासूनच करावी.

रॅन्समवेअर संगणकाला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवरील फायली कुलूपबंद करते आणि विंडोजने राखून ठेवलेल्या जुन्या प्रतीही बहुधा पुसून टाकते. त्यामुळे सतत जोडलेली डिस्क मूळ डेटाबरोबरच जाते. दोन डिस्क घेऊन आलटूनपालटून वापराव्यात, बॅकअप होताच केबल काढावी आणि एक डिस्क वर्कशॉपबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये टॅलीतील कंपनीचा डेटा बॅकअपमधून रिस्टोअर करून शेवटचे व्हाउचर (नोंद) कोणत्या तारखेचे आहे आणि दोन-तीन पार्ट्यांची बाकी जुळते का, हे अकाउंटंटसोबत बसून पाहावे. ही तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि माझ्या मते अँटिव्हायरसच्या नूतनीकरणापेक्षा ती अधिक मोलाची आहे.

घरून टॅली पाहता यावी म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडून दिले असेल, तर ते आजच बंद करून घ्यावे. अशी उघडी पोर्ट शोधून पासवर्डचा भडिमार करणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. घरच्या लॅपटॉपवर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर कृपया ठेवू नयेत, कारण डीजेव्हीयू नावाचे रॅन्समवेअर मुख्यतः त्यांतूनच पसरले. विंडोजचे अपडेटही वेळेवर करावेत: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने विंडोजमधील ज्या त्रुटीतून शिरकाव केला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही लक्षात घ्यावे.

एवढे करूनही हल्ला झालाच, तर प्रथम नेटवर्कची केबल काढावी व वाय-फाय बंद करावे. घाईने फॉरमॅट मारू नये. खंडणी भरूनही फायली परत मिळतीलच याची शाश्वती नसते. १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर किंवा नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी, आणि युरोपोलच्या सहभागाने चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ संकेतस्थळावर आपल्याकडे आलेल्या रॅन्समवेअरच्या प्रकारासाठी फायली उघडणारी मोफत किल्ली आहे का ते पाहावे. आज ती नसली तरी कुलूपबंद फायली खंडणीच्या चिठ्ठीसह वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात, कारण काही प्रकारांच्या किल्ल्या पुढे उपलब्ध झालेल्या आहेत.